भेगाळलेल्या रानातली बिऱ्हाडे

मे महिन्यात बिलोली तालुक्यातले काळे रान उघडेबोडके पडलेले असते. ज्वारी, हरभरा, करडई घरात आलेली, पऱ्हाट्या उपटून झालेल्या. उन्हाळवाही झाली असेल तर ढेकळे, नसेल तर भेगा. या भेगा वरवरच्या नसतात. हाताचा पंजा सहज आत जातो आणि काठी सोडली तर कधीकधी मीटरभर खाली उतरते. वर पारा ४३-४४ अंशांवर गेलेला असतो. दुपारी त्या रानात टिटवीखेरीज काही हलताना दिसत नाही. पण भेगेच्या तळाशी, जिथे उन्हाची तिरीप पोचत नाही तिथे, मऊ केसांच्या उंदरांचे पाच-सहा जणांचे बिऱ्हाड दिवस मावळायची वाट पाहत बसलेले असते.

हा उंदीर घरातल्या उंदराहून लहान, पाठीला करडा-तपकिरी, पोटाला पांढुरका आणि अंगाने फार मऊ. शास्त्रज्ञ त्याला मिलार्डिया मेल्टाडा म्हणतात. त्याचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी तो ज्या जमिनीत राहतो ती जमीन समजून घ्यावी लागते.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे पठार पूर्वेकडे सरकत सरकत नांदेड जिल्ह्याच्या कडेला विरळ होत जाते. बिलोली-देगलूरच्या भागात त्याच्याखालचा फार जुना ग्रॅनाईट वर डोकावतो. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन तऱ्हेची जमीन भेटते. बेसाल्ट झिजून झालेली काळी आणि ग्रॅनाईट झिजून झालेली तांबूस, मुरमाड. तिसरी जात मांजरेच्या काठची. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी लातूर, बिदर, निजामसागर असा मोठा वळसा घेऊन बिलोलीच्या कडेने गोदावरीला भेटायला जाते आणि जाताना काठाला रेतीमिश्रित गाळ टाकते.

बिळात राहणाऱ्या जनावराला या तीन जमिनी म्हणजे तीन वेगळे देश आहेत. काळ्या मातीतल्या चिकणकणांचे पापुद्रे पाणी पितात आणि फुगतात, पाणी उडून गेले की आक्रसतात. मृग बरसला की उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात, आणि आपण पाहतो तो चिखल पायाला किलो-किलोने चिकटतो. अशा मातीत खोदलेले बीळ पुढच्या वर्षी जागेवर सापडेलच असे नाही. भिंती दरवर्षी हलतात. मुरमाड जमीन खोदायला कठीण, पण एकदा खोदले की बीळ टिकते. नदीकाठची रेताड जमीन खोदायला सोपी, निचऱ्याची, पण ढासळायलाही सोपी.

या उंदरांचे राहणे आपल्याकडे पहिल्यांदा नीट लिहून ठेवले ते वॉल्टर एलियट या माणसाने. मद्रासच्या मुलकी सेवेतला हा स्कॉटिश अधिकारी धारवाडला नेमणुकीवर होता. १८२४ साली कित्तूरच्या उठावात त्याचा वरिष्ठ थॅकरे मारला गेला आणि एलियट कैदेत पडला. सुटल्यावर तो त्याच मुलखात राहिला, हिंडला, आणि १८३९ साली त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. या यादीतली उंदरांची पाने मला आजही थक्क करतात. त्यातली बरीचशी माहिती त्याला वडार लोकांकडून मिळालेली दिसते. तळी खोदणारी, मातीत जन्म काढणारी ही माणसे उंदीर खात आणि बिळातले धान्य काढून घेत. कोणत्या बिळात कोण आहे, किती खोलवर आहे, साठा कुठल्या बाजूला असेल, हे त्यांना वरच्या मातीवरून कळे. माझ्या दृष्टीने आपल्याकडच्या उंदरांचे पहिले अभ्यासक तेच. एलियटने ते कागदावर उतरवले.

मऊ केसांच्या उंदराला तिकडे मेट्टाड म्हणत. एलियट लिहितो की तो जोडीने किंवा पाच-सहांच्या लहान टोळक्याने राहतो. झुडपाच्या मुळाशी उथळ बीळ करतो, शेतातल्या दगडांच्या ढिगात भागवतो, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांत मुक्काम टाकतो. पावसाळा सुरू झाला की या भेगा ढासळून बुजतात आणि दरवर्षी असंख्य मेट्टाड आत गाडले जातात.

पुढे १८२६ची हकीकत येते. त्या साली पावसाळ्याच्या तोंडाशी पाऊस नेहमीसारखा झाला नाही आणि मेट्टाडांचा सुळसुळाट झाला. पेरलेले बी त्यांनी मातीतून उकरून खाल्ले. पीक पिकायला आले तेव्हा ज्वारीच्या ताटावर चढून कणसे कुरतडून खाली पाडली. रानेच्या राने फस्त झाली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. डझनाला ठरलेले माप धान्य देऊन त्यांनी वडारांना उंदीर मारायला लावले. हजारोंनी उंदीर मारले गेले तरी संख्या घटल्याचे जाणवले नाही.

या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे काळ्या रानाचा हिशेब उलगडतो. चांगला पाऊस झाला की भेगा मिटतात आणि उंदीर मरतात. पावसाने ओढ दिली की भेगा उघड्या राहतात, कुणी गाडले जात नाही, आणि जी पिल्ले मरायची ती जगून स्वतः विणीला येतात. माणसाचे वाईट साल मेट्टाडाला चांगले जाते. १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळानंतर लगेच दख्खनच्या जिल्ह्यांत उंदरांचा असाच कहर झाला होता. दुष्काळातून कसेबसे वाचलेल्यांचे पहिले बरे पीक उंदरांनी खाल्ले आणि सरकारला उंदीर मारण्यासाठी बक्षिसे लावावी लागली.

आता जरा दूर जाऊ. बिळातल्या सामाजिक जिवांचा विषय निघाला की जगभरचे लोक एकाच प्राण्याचे नाव घेतात. केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या रखरखीत भागात राहणारा केसहीन मोल-रॅट. बोटभर लांबीचा, सुरकुतलेल्या गुलाबी कातडीचा, जवळजवळ आंधळा, पुढचे दात ओठांच्या बाहेर. ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणून दातांनी माती खणताना ती तोंडात जात नाही. त्याचे कूळ फक्त आफ्रिकेत सापडते, भारतात त्याचा एकही भाऊबंद नाही.

त्याची कथा एका अंदाजापासून सुरू होते. मिशिगन विद्यापीठातले रिचर्ड अलेक्झांडर हे कीटकांचे अभ्यासक होते. मुंग्या, मधमाश्या, वाळवी यांच्यात एक राणी विते आणि बाकीच्या राबतात. असा सस्तन प्राणी असू शकेल का, आणि असलाच तर कसा असेल, याचे चित्र ते १९७०च्या दशकात आपल्या व्याख्यानांत रंगवत. तो जमिनीखाली राहणारा असेल, उष्ण प्रदेशात असेल, कठीण मातीत असेल आणि मोठमोठ्या कंदांवर जगत असेल, असे ते म्हणत. १९७६ साली एका श्रोत्याने उठून सांगितले की असा प्राणी आफ्रिकेत आहे. केपटाऊनच्या जेनिफर जार्व्हिस तेव्हा तो पाळून अभ्यासत होत्याच. १९८१ साली त्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिले की एका वसाहतीत एकच मादी वीण करते, तिच्याबरोबर एक ते तीन नर असतात आणि बाकीचे सगळे जन्मभर खोदतात, अन्न आणतात, पिल्ले सांभाळतात. वसाहतीत सरासरी सत्तर-ऐंशी जीव असतात, क्वचित तीनशेपर्यंत.

इतके जण एकत्र का राहतात? याचे सर्वात पटणारे उत्तर अन्नाच्या विखुरलेपणात आहे. त्या मुलखात कंद मोठे असतात, पण एकमेकांपासून फार लांब. माती कोरडी असताना दगडासारखी, आणि आंधळ्याने खोदायचे म्हणजे कंद कोणत्या दिशेला आहे ते ठाऊक नाही. एकट्याने खोदले तर कंद सापडण्याआधी भुकेने मरण्याची शक्यता जास्त. पाऊस पडून माती थोडे दिवस मऊ झाली की सगळे मिळून ओळीने खोदतात. पुढचा दातांनी माती फोडतो, मधले मागे ढकलतात, शेवटचा ती बाहेर उडवतो. एखादा मोठा कंद लागला की सगळ्यांना महिनोन्‌महिने पुरतो. तो आतून खातात, साल राखतात, त्यामुळे कंद पुन्हा भरत येतो.

दाटीवाटीने राहण्याची किंमत हवेत मोजावी लागते. मराठवाड्यात पूर्वी ज्वारी पेवात ठेवत. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, हे जुन्या माणसांना पक्के माहीत होते. दाणे जिवंत असतात, श्वास घेतात. बंद खड्ड्यातला प्राणवायू ते संपवतात आणि कार्बन डायऑक्साईड तळाशी साचतो. घाईने उतरलेली माणसे पेवात दगावली आहेत. मोल-रॅटची वसाहत जन्मभर अशाच हवेत राहते. २०१७ साली शिकागोच्या थॉमस पार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा प्राणी फक्त पाच टक्के प्राणवायूच्या हवेत पाच तास तग धरतो. प्राणवायू पूर्ण काढून घेतला तरी तो अठरा मिनिटे बेशुद्ध पडून राहतो आणि हवा मिळताच पुन्हा उठतो. त्या वेळी त्याचा मेंदू आणि हृदय नेहमीच्या ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजवर चालतात, कारण त्या वाटेने ऊर्जा मिळवायला प्राणवायू लागत नाही. तो शरीराचे तापमानही आपल्यासारखे धरून ठेवत नाही. बिळाची ऊब हीच त्याची ऊब, आणि गारवा वाटला की सगळे एकमेकांवर चढून ढीग करून झोपतात. एवढासा हा जीव पाळलेल्या अवस्थेत तीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. त्याच आकाराचा घरातला छोटा उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो.

बिलोलीतही ऊन तेच आहे, माती उन्हाळ्यात तितकीच कठीण आहे. मग आपल्याकडे राणी आणि राबणाऱ्यांचे राज्य का उभे राहिले नाही? कुळाचा इतिहास वेगळा हे एक कारण आहेच. पण मला मातीचे कारण अधिक मोलाचे वाटते. मोल-रॅटच्या बोगद्यांचे जाळे कित्येक किलोमीटर लांब असू शकते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. एवढी मेहनत घालायची तर भिंती टिकल्या पाहिजेत. काळी माती दरवर्षी घर मोडते. शिवाय इथे अन्न खोल कंदांत दडलेले नाही. ते गवताच्या बियांत आहे, कणसांत आहे, मुबलक आहे, पण हंगामी आहे. जिथे घर मोडणार आणि ताट चार महिने भरलेले राहणार, तिथे मोठे कुटुंब जमवून दीर्घकाळ जगण्यापेक्षा लहान बिऱ्हाड करून भराभर वाढणे सोयीचे. मोल-रॅटच्या राणीचा गर्भकाळ सत्तर दिवसांच्या आसपास असतो. आपल्या शेतातल्या उंदरांची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले देते. आफ्रिकेतल्या प्राण्याने खडतर जागेवर मात केली ती आयुष्य लांबवून. आपल्याकडच्यांनी ती केली पिढ्या आखूड करून.

ही झाली मेट्टाडाची रीत. त्याच शिवारातला दुसरा रहिवासी, शेतातली लहान घूस, निराळी वागते. बुटकी, जाड मानेची, रागीट, डिवचली तर फिस्कारणारी. ती एकांतप्रिय आहे. एलियटच्या नोंदीप्रमाणे पिल्ले पोटापुरती कमावू लागली की मादी त्यांना हाकलून देते. पण खोदकामात तिचा हात धरणारे कुणी नाही. धुऱ्यावर, कालव्याच्या बांधावर, ओलीच्या जागी ती अनेक कप्प्यांचे लांबलचक बीळ करते आणि तोंडाशी मातीचा उकीर काढते. सुगीत कणसे ओढून नेऊन कप्पे भरते. चांगल्या शिवारात अशा बिळांतून वडारांना इतके धान्य मिळे की त्या हंगामात ते जवळजवळ त्यावरच राहत, असे एलियटने लिहून ठेवले आहे. एकट्या जनावराने इतके साठवावे याचे कारण उघड आहे. खळी उठल्यापासून पुढचे पीक येईपर्यंतचे महिने तिला एकटीने काढायचे असतात. मोल-रॅटच्या वसाहतीत जे काम सोबत्यांची फौज करते ते इथे कोठार करते. तिला पोहता येते, म्हणून पाण्याखालच्या भातशेतीतही ती टिकते. पाटपाणी आले की तिचे राज्य वाढते, कारण बांध बारमाही ओले राहतात आणि काळ्या मातीची ती जीवघेणी उघडझाप तिथे होत नाही.

तिसरा आहे जर्बिल. हरणासारखे मोठे डोळे, लांब मागचे पाय, शेपटीच्या टोकाला गडद केसांचा झुपका. चांदण्या रात्री रस्ता ओलांडताना तो उड्या मारत जातो. त्याला निचऱ्याची, मोकळी जमीन मानवते, मांजरेकाठी किंवा मुरमाड माळाला असते तशी. त्याच्या बिळाला पुष्कळ तोंडे असतात आणि वाटा खाली एका खोलीत उतरतात, तिथे वाळलेल्या हराळीचे अंथरूण असते, हेही एलियटच्याच काळापासून माहीत आहे. त्याची बिळे माळावर जवळजवळ आढळतात. शेजार असतो, पण मोल-रॅटसारखी सामायिक चूल नसते.

पाण्याचा प्रश्न तो कसा सोडवतो हे सांगण्यासारखे आहे. पिठूळ दाणा शरीरात जाळला की पाणी तयार होते, शंभर ग्रॅम पिष्टापासून सुमारे पंचावन्न ग्रॅम. हे पाणी प्रत्येक प्राण्याला मिळते, पण आपण ते घामात, लघवीत, श्वासात गमावतो. कोरड्या मुलखातले जर्बिल घाम गाळत नाहीत, लघवी फार दाट करतात आणि दिवसभर बिळाच्या दमट हवेत राहून श्वासातले पाणी वाचवतात. यावरचे भारतातले महत्त्वाचे काम जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत झाले. १९५९ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत ईश्वर प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या कृंतकांवर सारी हयात घातली. तिथला वाळवंटी जर्बिल आमच्या जर्बिलहून काटक. तो दिवसाढवळ्या बाहेर पडतो आणि मोठमोठ्या वसाहती करतो. मराठवाड्यातला जर्बिल रात्रीचा.

मुरमाड जमिनीतला एक चिमुकला काटेरी केसांचा उंदीरही इथे नोंदवतो, कारण त्याची कारागिरी कुणाच्या लक्षात येत नाही. तो बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा करतो, आत गेला की त्यांनीच दार बुजवतो आणि आतल्या खोलीतही खड्यांचेच अंथरूण करून त्यावर बसतो. माळावर एका मापाचे खडे एका जागी जमलेले दिसले तर खाली तो असण्याची शक्यता मोठी.

बिळातल्या या जगाचा माणसाशी सर्वात गंभीर संबंध येतो तो रोगाच्या वाटेने. मार्सेल बाल्ताझार आणि बहमन्यार यांनी १९६० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत भारतातल्या प्लेगवर लिहिताना जर्बिलकडे बोट दाखवले होते. घरातला उंदीर प्लेगने पटापट मरतो. रानातल्या जर्बिलांपैकी बरेच तग धरतात, आणि पिसवांसह रोग त्यांच्या बिळांत वर्षानुवर्षे धुमसत राहू शकतो. मराठवाड्याने याचा अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादऱ्यांच्या भीतीने दूरदूरच्या गावांतही लोक घराबाहेर राहू लागले, धान्य घरात तसेच पडून राहिले, आणि त्या धान्यावर उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला, त्याआधी तिथे घरांतून उंदीर मरून पडत होते. रानातल्या बिळांतला रोग वाढलेल्या घरउंदरांपर्यंत आणि त्यांच्याकडून माणसांपर्यंत आला असावा, असा क्रम अभ्यासकांनी मांडला. घरात किंवा गोठ्यात एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे ते याचसाठी.

शेतकऱ्याला मात्र रोज भेडसावतो तो पिकाचा प्रश्न, आणि इथे उंदरांचे एकमेकांकडून शिकणे आडवे येते. नवीन वस्तू दिसली की उंदीर आधी चिमूटभर चाखतो. त्याने पोटात कालवले की तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. झिंक फॉस्फाईडचे आमिष पहिल्या दिवशी चालते आणि मग पडून राहते ते यामुळे. कॅनडातल्या बेनेट गॅलेफ यांनी १९८०च्या दशकात करड्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. सोबती काय खाऊन आला ते उंदीर त्याच्या तोंडाच्या वासावरून ओळखतो आणि मग तेच खाणे पसंत करतो. सोबती आजारी दिसला तरी ही पसंती टळत नाही. म्हणजे बिळातला शेजार विषाची धोक्याची सूचना देत नाही, पण खाण्याची शिफारस करतो. विषारी आमिषाआधी दोन-तीन दिवस ज्वारीचा भरडा तेल लावून बिनविषाचा ठेवा, हा कृषी विज्ञान केंद्रांचा सल्ला आहे. माझ्या मते तो या शिफारशीमुळेही लागू पडत असावा.

वेळ निवडायची तर पेरणीआधीची. उन्हाळ्याच्या अखेरीस रानातले उंदीर वर्षातले सर्वात कमी असतात, वीण मंदावलेली असते आणि उरलेले धुऱ्यांवर एकवटलेले असतात. एका शेतकऱ्याने मारून उपयोग होत नाही, शेजारच्या धुऱ्यावरून रिकामी बिळे आठवड्याभरात भरतात. म्हणून सगळ्या शिवाराने एकाच वेळी हात घालायचा. संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळे मातीने बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील ती नांदती समजून तेवढ्यांतच आमिष टाकायचे. यात एक खोच आहे. ताजा ओलसर उकीर दिसतो पण तोंड दिसत नाही, तेव्हा ती घूस असते. ती आत बसून दार मातीने बंद करते. जर्बिलही दिवसा तोंडे मातीने लिंपून घेतो. त्यामुळे बुजलेले दिसणारे प्रत्येक बीळ मोजणीतून वगळायचे नसते. कडेची माती बोटांनी चुरून पाहायची, भुसभुशीत आणि आतून ओलसर लागली तर आत बिऱ्हाड आहे.